चार्ली क्रिश्चनचा सोलो संपल्यावर

शेलॅकची काळी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेत फिरतेय. सुई टेकली की आधी खरखर, मग बेनी गुडमनचा ऑर्केस्ट्रा, आणि त्या सगळ्या पितळी वाद्यांच्या पुढे येऊन बोलणारी एकच इलेक्ट्रिक गिटार. साल १९४३ च्या आसपासचं. गाव अमेरिकेतलं इंडियानापोलिस. रात्र बरीच झालीय. तुमच्यासमोर विशीतला एक तरुण मांडीवर गिटार घेऊन बसलाय, दिवसभर कामावर राबून आलेला. जॉन लेस्ली माँटगोमेरी. सगळे त्याला वेस म्हणतात.

त्याला तुम्ही दिसत नाही. भिंतीला टेकून उभे राहा आणि ऐका.

इथे का आलात ते तुम्हाला ठाऊक आहे. काही वर्षं गिटार वाजवताय. गाण्यांना साथ करता येते, बार कॉर्ड लागतात, मेजर आणि पेंटाटोनिक स्केल कुठूनही सुरू करता येतात. मग कधीतरी जाझ कानावर पडलं आणि सोडवेना. सेव्हन्थ, नाइन्थ कॉर्ड पाठ केलेत. बॅकिंग ट्रॅक लावून सोलो वाजवायला बसलात तर हातातून स्केलच येत राहिली, वर-खाली, वर-खाली. सूर एकही चुकला नाही, आणि तरी त्यातून कुणी काही बोलतंय असं वाटलं नाही. जाझ गिटार शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे येऊन अडतो, आणि मग पुस्तकामागून पुस्तक घेत बसतो. म्हणून तुम्हाला या खोलीत आणलंय.

वेस सुई उचलतो. पुन्हा मागे ठेवतो. रेकॉर्ड आहे ‘सोलो फ्लाइट’, मार्च १९४१ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली, तीन मिनिटांच्या आतली. गिटारवर चार्ली क्रिश्चन. ऑगस्ट १९३९ मध्ये तो गुडमनकडे आला, आणि तोवर बँडच्या मागच्या बाजूला ताल धरून बसणारी गिटार अँप्लिफायरच्या जोरावर ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या रांगेत येऊन बसली. २ मार्च १९४२ रोजी क्षयाने तो गेला, अवघ्या पंचविसाव्या वर्षी. म्हणजे या खोलीत जो गुरू बोलतोय तो जिवंत नाही. त्याला काही विचारता येत नाही. सुई मागे घेणं, एवढंच करता येतं.

तेही बेताने. लाँग-प्ले रेकॉर्ड यायला अजून पाच वर्षं आहेत. वेग कमी करून सूर तोच ठेवणारं यंत्र वेसच्या हाताशी नाही. पोलादी सुई प्रत्येक वेळी तबकडीची चर थोडी खरवडून काढते. जितकं ऐकाल तितकी रेकॉर्ड झिजते, त्यामुळे प्रत्येक ऐकण्याला किंमत आहे. तुम्ही घरी एकाच वेळी तीन व्हिडिओ उघडे ठेवून बसता, तिथे हे ऐकणं नाही.

तुम्हीही त्याच्याबरोबर ऐकू लागा. पहिल्यांदा फक्त एक लाट येऊन जाते. दुसऱ्यांदा त्यात एक लांबलेला सूर सापडतो, खुंटीसारखा, त्याला धरून राहा. त्या सुराच्या आधीचे तीन, नंतरचे चार. आता गिटारला हात लावू नका. ते आठ सूर गुणगुणा. घशातून निघाले नाहीत तर कानात पोहोचलेले नाहीत, हे पक्कं समजा. बोटं मग अंदाजाने काहीतरी जवळचं वाजवतात आणि तुम्ही स्वतःला फसवता. बरोबर गुणगुणता आलं की तारेवर पहिला सूर शोधा. तो तीन ठिकाणी सापडेल, गिटारवर असंच असतं. यातली कुठली जागा क्रिश्चनची? जिथून पुढचा सूर हात न हलवता मिळतो ती.

इथे एक गोष्ट उलगडते आणि तुमचा श्वास थोडा अडतो. क्रिश्चनचा हात गिटारच्या गळ्यावर धावत नाही. तो एका कॉर्डच्या आकाराभोवती ठाण मांडून बसतो. कॉर्ड बदलली की आकार बदलतो, बोटं त्याच्या आसपासचे सूर वेचतात. तुम्ही स्केलमध्ये शोधत होतात ते तुमच्याच पाठ केलेल्या कॉर्डच्या पोटात होतं. उजवा हातही बघा: पिकचे फटके बहुतेक सगळे खालच्या दिशेने. त्यामुळे प्रत्येक सुराला वजन येतं, आणि ओळ सॅक्सोफोनच्या फुंकेसारखी भरीव वाटते.

ही सगळी मेहनत वेस विसाव्या वर्षाच्या आसपास करतोय, हे लक्षात घ्या. लहानपणी मोठ्या भावाने, मंकने, त्याला चार तारांची टेनर गिटार आणून दिली होती. पण सहा तारांची गिटार हातात घेऊन त्याने जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात केलीय. शिक्षक नाही. नोटेशन वाचता येत नाही, पुढे आयुष्यभर आलं नाही. लग्न झालंय, नोकरी आहे. वय उलटून गेलं असं तुम्ही स्वतःला सांगत असाल तर ते इथेच, या खोलीत, सोडून द्या.

आता दोन वर्षं मागे चला. रेकॉर्डवर मिळतो तो क्रिश्चन तीन मिनिटांत कोंबलेला आहे. मोकळा क्रिश्चन ऐकायचा तर मे १९४१, न्यूयॉर्क, हार्लेममधला ११८ वा रस्ता, सेसिल हॉटेलच्या तळमजल्यावरचं मिंटन्स प्लेहाउस.

हेन्री मिंटन वादकांच्या युनियनचा प्रतिनिधी. युनियनला पैसे न घेता जमून वाजवणं मंजूर नाही, दंड होतो. पण मिंटनच्या जागेत वादकांना ती धास्ती कमी. टेडी हिल व्यवस्था बघतो. ड्रमवर केनी क्लार्क, पियानोवर थेलोनियस मंक. गुडमनच्या बँडबरोबरचं काम आटपून क्रिश्चन इथे येतो आणि अँपशेजारी खुर्ची टाकून बसतो. कोलंबिया विद्यापीठातला जेरी न्यूमन नावाचा विद्यार्थी वाहून नेता येण्याजोगं तबकड्या कोरणारं यंत्र घेऊन आलाय. तो नसता तर या रात्रीचा एक सूरही आपल्यापर्यंत पोहोचला नसता. सगळ्या जाझप्रेमींनी त्याचे ऋणी राहायला हवं.

गाण्याचा आराखडा बत्तीस बारचा. आठ बारची एक ओळ, तीच पुन्हा, मग वेगळ्या वाटेने जाणारा आठ बारचा ब्रिज, आणि परत पहिली ओळ. चार मात्रांचा एक बार, म्हणजे १२८ मात्रांचं एक आवर्तन. जाझवाले त्याला कोरस म्हणतात. हाताची बोटं मोडत मोजा. पहिल्या आवर्तनात ब्रिज आला तेव्हा तुम्ही सहाव्याच बारवर होतात. हरकत नाही. चुकल्यावर मोजत राहू नका, क्लार्कचे ड्रम ऐका. तो ब्रिजच्या तोंडाशी काहीतरी वेगळं करतो, आवर्तन संपताना तर हमखास. त्या खुणेवर चढून बसा. स्वतःचं मोजणं रेटत नेणाऱ्यापेक्षा दुसऱ्याच्या वाद्यातून जागा शोधणारा लवकर सुधारतो, आणि बँडमध्ये तोच हवासा वाटतो.

आता क्रिश्चन काय करतो ते ऐका. ज्या आठ-आठ बारमध्ये कॉर्ड फारशा हलत नाहीत तिथे तो छोटीशी लकेर घेतो, पुन्हा तीच, पण अर्धी मात्रा सरकवून. मग तिसऱ्यांदा तिचं शेपूट बदलून. सूर दोन-तीनच, सगळी गंमत लयीत. ब्रिज येतो, कॉर्ड चालू लागतात, आणि त्याच्या गिटारमधून अर्ध्या-अर्ध्या मात्रेच्या सुरांची लांबच लांब ओळ सुटते, बारच्या रेघा ओलांडत, न थांबता. कॉर्ड थांबलेली असताना लयीशी खेळ, कॉर्ड चालू लागली की तिच्याबरोबर चाल. मला विचाराल तर जाझ गिटारच्या पहिल्या वर्षात एवढी एकच गोष्ट कानातून हातात उतरली तरी पुष्कळ झालं. या रात्रीच्या ध्वनिमुद्रणाला पुढे ‘स्विंग टू बॉप’ असं नाव मिळालं. ते आजही ऐकायला मिळतं; ब्रिजमागून ब्रिज ऐका.

परत इंडियानापोलिस. मधल्या काही महिन्यांत वेसने अँप्लिफायर घेतलाय आणि शेजाऱ्यांची झोप उडालीय. तक्रारी येतायत. तो आवाज कमी करतो, तरी बोलणी बसतात. मग तो मागच्या खोलीत जातो, पिक बाजूला ठेवतो आणि अंगठ्याच्या मांसल भागाने तार छेडून बघतो.

आवाज ऐकलात? कडा गेली. पिकची टकटक गेली. उरला तो गोल, उबदार, माणसाच्या घशातून यावा तसा सूर. पुढे हा आवाज जगभर ओळखला जाणार आहे, पण आत्ता त्यात अडचणच अडचण आहे. पिकने खाली-वर फटके मारून जो वेग मिळतो तो अंगठ्याला नाही. पिककडे परत गेला तर वेग येतो आणि हा आवाज जातो. वेसने आवाज निवडला आणि वेगासाठी अंगठ्याला नव्याने राबवलं. तुम्हालाही कधीतरी असं निवडावं लागेल. बरेच जण वेग निवडतात. वेगाचं मोजमाप मेट्रोनोमवर दिसतं, आवाजाचं दिसत नाही, त्यामुळे घरी सराव करताना आवाजाकडे कानाडोळा होतो. आठवड्यातला एक दिवस तरी एकाच सुरावर घालवा: तारेवर बोट कुठे पडतं, किती खोल, गिटारच्या ब्रिजजवळ की गळ्याजवळ, सूर कधी सोडला. ऐकणाऱ्याला तुमच्यातलं सर्वांत आधी हेच पोहोचतं.

आणि आता इंडियाना अव्हेन्यूवर चला. गोऱ्यांच्या शहरात काळ्यांना जो भाग राहायला उरला त्याच्या मधोमधचा हा रस्ता. क्लब, थिएटर, रात्रभर उजेड. ट्रॉम्बोनवाला जे. जे. जॉन्सन याच गावचा, ट्रंपेटवाला फ्रेडी हबर्डही पुढे इथूनच येणार. ४४० क्लबमध्ये वेसला काम मिळालंय. काम एकच: चार्ली क्रिश्चनचे सोलो जसेच्या तसे वाजवायचे.

तो वाजवतो. सगळे सूर, सगळे थांबे, अगदी रेकॉर्डवरचे. लोक खूश. एक सोलो, दुसरा सोलो. मग सोलो संपतात, आणि वेस थांबतो. कारण त्याच्याकडे दुसरं काही वाजवायला नाही. बँड पुढे वाजत राहतो, तो बाजूला होतो. हे त्याने पुढे स्वतःच मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलं.

या क्षणापाशी जरा रेंगाळा. जाझ गिटारच्या इतिहासातला मला सर्वांत प्रिय क्षण हा आहे. कारण इथे तो तुमच्याइतकाच रिकामा आहे. फरक इतकाच की त्याच्या रिकामपणाखाली ऐकून, गाऊन, बोटांत जिरवलेले कितीतरी बार आहेत. तुमच्याखाली स्केल आहेत. नक्कल करू नये, स्वतःचं शोधावं, असं सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. आधी पूर्ण नक्कल करा, सुरांसकट, श्वासासकट. मग सोलो संपला की पुढे काय, हा प्रश्न खऱ्या अर्थाने तुमच्या पुढ्यात येतो. नक्कल न करणाऱ्याला तो पडतच नाही.

तुम्हाला ओढून न्यायचा मोह होतो म्हणून क्षणभर मुंबई. हीच वर्षं. ताजमहाल हॉटेलच्या बॉलरूममध्ये जाझ वाजतंय, आणि वाजवणाऱ्यांत गोव्याचे वादक भरपूर. गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणी सोल्फेज आणि व्हायोलिन शिकलेले, समोर कुठलाही कागद ठेवा, वाचून वाजवतील असे. वेसच्या अगदी उलट वाट. पण जाझचा झोका कागदावर उतरत नाही. त्यांनाही तो रेकॉर्डवरूनच, आणि इथे येऊन वाजवणाऱ्या कृष्णवर्णी अमेरिकन वादकांकडूनच उचलावा लागला. हळदोण्याचा अँतोनियो शावियर वाझ ट्रंपेटवर लुई आर्मस्ट्राँगला इतका कोळून प्यायला की चिक चॉकलेट या नावाने भारताचा आर्मस्ट्राँग ठरला. पुढे १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये सी. रामचंद्रांच्या संगीतात तोच झोका आपल्या घराघरांत शिरला; त्यांच्या त्या चालींवर ठेका धरणाऱ्या किती मराठी माणसांना तो कुठून आला ते ठाऊक असेल? आणि याच मुंबईत १९३६ मध्ये जन्मलेला, गोव्याच्या घरातला अमान्सियो डिसिल्वा गिटार घेऊन १९६७ मध्ये लंडनला गेला. १९६९ मध्ये त्याची ‘इंटिग्रेशन’ ही रेकॉर्ड आली, आणि जमैकाच्या जो हॅरियटबरोबरची ‘हम दोनो’. दुसरीत गोव्यासाठी रचलेलं एक संथ गीत आहे. ती ऐका. सोलो संपल्यावर काय, याचं एका मुंबईकराने दिलेलं उत्तर त्यात आहे.

वेसचं उत्तर सावकाश आलं. १९४८ ते १९५० तो लायोनेल हॅम्प्टनच्या बँडबरोबर गावोगाव फिरला. विमानाची भीती, म्हणून बाकीचे उडत जात तिथे तो तासन्‌तास गाडी चालवत जायचा. घरची ओढ होतीच. तो परत आला.

घरी भाऊ आहेत, ही त्याची श्रीमंती. मंक बासवर, धाकटा बडी पियानोवर आणि व्हायब्रफोनवर. तिघे वाजवत असताना मध्ये बसा आणि गिटारचे फक्त दोन सूर ऐका. कॉर्ड आहेत डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. जाझमधल्या असंख्य चाली या तिघींवर उभ्या आहेत. पहिल्या कॉर्डची तिसरी आणि सातवी पायरी म्हणजे एफ आणि सी. जी सेव्हन आली की एफ जागेवर राहतो, सी फक्त एक फ्रेट खाली बी वर उतरतो. सी मेजर सेव्हनला बी राहतो, एफ एक फ्रेट खाली ई वर. बस, एवढीच हालचाल. मूळ सूर बास सांभाळतोय, तुम्हाला तो वाजवायची गरजच नाही. या दोन सुरांनी संपूर्ण गाणं उभं राहतं. आता हेच दोन सूर सोलोत, कॉर्ड बदलते नेमक्या त्या क्षणी लावून बघा. स्केल तीच, बोटं तीच, पण ऐकणाऱ्याला कॉर्ड ऐकू येऊ लागते. मागे कुणी काही न वाजवताही.

पाठ केलेल्या क्रिश्चनच्या ओळी याच वेळी मोडायला घ्या. एक दोन बारची ओळ निवडा. ती पहिल्याऐवजी दुसऱ्या मात्रेवर सुरू करा. मधल्या तारांवर न्या. बाराही पट्ट्यांत वाजवा, पण एकामागून एक कोरडेपणाने नको. खऱ्या गाण्यात जिथे ती कॉर्ड येते तिथे बसवा. शेवटचे दोन सूर स्वतःचे घाला. कधीतरी सुरुवात क्रिश्चनची राहते आणि शेवट कुणाचा ते तुम्हालाच आठवत नाही.

१९५९. इंडियानापोलिसच्या रस्त्यावर सकाळचे पावणेसात, आणि वेस कामावर निघालाय. पी. आर. मॅलरी कंपनीचा कारखाना, सात ते तीन. घरी बायको सेरीन आणि मुलं. मुलं होता होता सात झाली. रात्री नऊला टर्फ बारमध्ये वाजवायला सुरुवात, दोनपर्यंत. तिथून मिसाईल रूम, अडीच ते पहाटे पाच. मग सकाळी पुन्हा सात.

हे वेळापत्रक वाचून हळहळू नका, आणि त्याची पूजाही करू नका. याच शरीराने त्याला पंचेचाळिसाव्या वर्षी, १९६८ मध्ये सोडलं. पण संगीतापुरतं बोलायचं तर त्यात काय आहे ते बघा. एका रात्रीत सात-साडेसात तास माणसांबरोबर, माणसांसमोर वाजवणं. खोलीतला सराव कितीही चांगला असला तरी तिथे ड्रमवाला तुम्हाला ढकलत नाही. तुमच्या शहरात असे तास मिळणार नाहीत. एक बासवाला आणि एक ड्रमवाला शोधा, आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. बासवाला नसेल तर दुसरा गिटारवालाही चालेल, एकाने साथ करायची, एकाने सोलो, आणि साथीची पाळी टाळायची नाही. गिटारवाल्यांची साथ बहुधा फार गच्च असते. चार मात्रांतल्या दोनच ठिकाणी दोन-तीन सुरांची कॉर्ड ठेवा आणि बाकी जागा सोडा.

मिसाईल रूममध्ये तिघेच आहेत: मेल्विन राइन ऑर्गनवर, पॉल पार्कर ड्रमवर, आणि वेस. पुढच्या टेबलाशी बसा, हात दिसायला हवा.

पहिली दोन-तीन आवर्तनं एकेरी सुरांची. अंगठा सहज खाली पडतोय, चेहऱ्यावर हसू. मग एक आवर्तन संपतं आणि सूर दुहेरी होतो. ऑक्टेव्ह. तोच सूर खालच्या सप्तकात आणि वरच्या सप्तकात एकदम, आणि तरी ओळ तितकीच धावती. डावा हात बघा. पाचव्या तारेवर तर्जनी, तिसऱ्या तारेवर दोन फ्रेट पुढे दुसरं बोट. सहावी-चौथी जोडीही अशीच दोन फ्रेटची. चौथी-दुसरी आणि तिसरी-पहिली या जोड्यांत अंतर तीन फ्रेटचं होतं, म्हणून जोडी ओलांडताना पंजा किंचित उघडावा लागतो. मधली तार? ती तर्जनीच्या पोटाने हलकी दाबून मुकी केलेली आहे. त्यामुळे अंगठ्याला एकेक तार शोधावी लागत नाही; तो सगळ्यावरून निर्धास्त फिरतो आणि दोनच सूर वाजतात. हे साधताना आपलं डोकं दुखायचं, असं वेसने पुढे सांगितलंय. तुमचंही दुखेल. सुरुवातीला मधली तार बोलेल, वरचा सूर मरेल. आधी मुकी तार साधा, वेग नंतर.

ऑक्टेव्हची आवर्तनं झाली की तिसरा जिना: कॉर्ड. आता वरच्या सुरात चाल आहे आणि तिच्या खाली प्रत्येक सुराला पूर्ण कॉर्ड लटकलेली, एखादा ब्रास सेक्शन उभा राहावा तशी. कॉर्ड-सुरांवर सिक्स्थ किंवा सेव्हन्थ, आणि मधल्या चालत्या सुरांवर डिमिनिश्ड, ही त्यातली एक किल्ली. सी सिक्स्थ, मग बी डिमिनिश्ड, मग सी सिक्स्थचा पुढचा आकार, असं वरच्या चार तारांवर चढत-उतरत बघा. आठवड्याभरात कानाला दार उघडल्यासारखं वाटेल.

पण तंत्राने थक्क होऊन मुख्य गोष्ट निसटू देऊ नका. एकेरी सूर, ऑक्टेव्ह, कॉर्ड, हा क्रम म्हणजे इमारत आहे. पहिल्या आवर्तनात त्याने बरंच काही हातचं राखलं होतं. ४४० क्लबमध्ये ज्याचा साठा दोन-तीन मिनिटांत संपत होता तो आता आवर्तनामागून आवर्तन चढवत नेतोय आणि शेवटी अजून काहीतरी शिल्लक आहे असं वाटतं. तुम्ही सोलोची सुरुवात भरगच्च करता, सगळं आधीच सांगून टाकता. पुढच्या वेळी पहिल्या आठ बारमध्ये पाचच सूर वाजवायचे असं ठरवून बसा.

सप्टेंबरमधल्या अशाच एका रात्री सॅक्सोफोनवाला कॅननबॉल अॅडर्ली इथे बसलाय. गावात त्याचा कार्यक्रम होता, तो संपवून मिसाईल रूममध्ये आलाय आणि हलायला तयार नाही. न्यूयॉर्कला पोहोचून तो रिव्हरसाइड रेकॉर्ड्सच्या ऑरिन कीपन्यूजच्या मागे लागतो. याच सुमारास गुंथर शुलरने लेखातून वेसचं भरभरून कौतुक केलंय. कीपन्यूज स्वतः इंडियानापोलिसला येतो, रात्रभर ऐकतो, आणि ५ आणि ६ ऑक्टोबर १९५९ रोजी हे तिघे न्यूयॉर्कच्या स्टुडिओत असतात. रिव्हरसाइडवरच्या त्या पहिल्या रेकॉर्डवर ‘मिसाईल ब्लूज’ नावाची रचना आहे, पहाटे पाचपर्यंत चालणाऱ्या त्या खोलीच्या नावाची. जानेवारी १९६० मध्ये ‘दि इन्क्रेडिबल जाझ गिटार’, टॉमी फ्लॅनगन आणि हीथ बंधूंच्या साथीने. वेस तेव्हा ३६ वर्षांचा आहे.

आणखी एक ठिकाण दाखवायचंय. १९६५, हॉलंड, टेलिव्हिजनचा स्टुडिओ. भीती गिळून वेस युरोपच्या दौऱ्यावर आलाय. साथीला तिथलेच वादक: पिम जेकब्स पियानोवर, त्याचा भाऊ रूड बासवर, हान बेनिंक ड्रमवर. कॅमेरा चालू आहे आणि वेस पियानोवाल्याला एका चालीच्या कॉर्ड समजावतोय. कागद नाही. तोंडाने नाव, बोटांनी आकार, कुठे किती मात्रा थांबायचं ते मानेने. नोटेशन न वाचणारा माणूस प्रत्येक बार हातातून दाखवतो, आणि पियानोवाला ऐकून, पुन्हा विचारून, आपल्या पट्ट्यांवर बसवून घेतो. मोठेपणाचा कुठे मागमूस नाही. हे चित्रण उपलब्ध आहे. वेसच्या सोलोंइतकंच ते शिकणाऱ्याने बघावं.

तो साथीला ज्या कॉर्ड सांगतो त्या लक्षात ठेवा. मग वाजायला लागलं की त्यांवर तो स्वतः काय वाजवतो ते पडताळा. साथ जी सेव्हनवर असताना त्याच्या ओळीत डी मायनर ऐकू येतो. सांगितलं एक, वाजवलं त्याच्या शेजारचं, आणि दोन्ही मिळून नाइन्थ, इलेव्हन्थ, थर्टीन्थ सगळं आपोआप तयार. क्रिश्चनने कॉर्डच्या आकारात सूर शोधायला शिकवलं होतं; वेस शेजारच्या कॉर्डचा आकार उचलून आणतो. गिटार घ्या. कुणाला तरी जी सेव्हन धरून ठेवायला सांगा, नाहीतर फोनवर स्वतःच मुद्रित करा, चार मिनिटं नुसता जी सेव्हन. त्यावर पाचव्या फ्रेटच्या आसपास डी मायनरचा आकार धरा, क्रिश्चनची ती दोन बारची ओळ डी मायनरमध्ये बसवा, पिक ठेवून द्या आणि अंगठ्याने वाजवा. पहिल्या आठ बारमध्ये पाच सूर. नवव्या बारपासून पुढे तुमचं.